छातीचे दोन फोटो

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मला निरोप द्यायला माझा थोरला भाऊ दस्तगीर कारखान्यातून थेट आला होता. त्या दिवशी ओतकाम होतं, म्हणून त्याच्या भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांत काळी वाळू बसलेली. अम्मानं चपात्या-चटणीचं गठुडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ते मुंबईपर्यंत पुरतंय का, याचीच काळजी करत राहिली. मुंबईच्या पुढं स्वीडन नावाचा देश आहे आणि मी तिथं चाललोय, हे तिनं मनावर घेतलंच नव्हतं. दस्तूभाई खिडकीशी आला. गळ्यात पडणं त्याला कधी जमलं नाही. म्हणाला, "पत्र धाडत जा. आणि तितं कारखान्याचा मालक कोण हाय, ते पयलं बघ."

दोन वर्षांसाठी गेलो होतो. आता वीस होत आली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले, त्यांना हे 'दोन वर्षांचं' गणित सांगायला नको.

आम्ही आजऱ्याकडचे शिकलगार. वडील दारोदार फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. कोल्हापुरात आल्यावर आम्ही दोघं भाऊ एकामागोमाग उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत लागलो. वाळूचे साचे करायचे, त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडून माल झाडून काढायचा. झाडताना जी धूळ उडते ती पिठासारखी असते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ होते, असं सगळे म्हणायचे. आम्हीही खायचो.

पुढं मी पुण्याच्या कारखान्यात गेलो. तिथं मशीन बसवायला आलेल्या स्वीडिश साहेबानं माझं साच्याचं काम पाहिलं आणि आपल्या गावच्या फाउंड्रीत चल म्हणाला. मला जग बघायचं होतं, बाकी काही नाही. राजकारण हा दस्तूभाईचा प्रांत. तो लाल बावट्याच्या युनियनमध्ये होता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण चहाच्या गाड्यावर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि 'समाजवाद' हा शब्द असा उच्चारायचा, की तो शब्द नसून परगावी गेलेला कुणी नातेवाईक आहे आणि आज ना उद्या येणार आहे. घरात आम्ही दखनी बोलायचो. दस्तूभाई भांडायचा मात्र नेहमी मराठीत.

स्वीडनमध्ये तिसऱ्याच आठवड्यात फाउंड्रीच्या आवारात एक गाडी येऊन उभी राहिली. सगळ्यांनी रांगेनं आत जायचं आणि छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून घ्यायचा. मला वाटलं, परदेशी माणसाला काही रोग आहे का ते बघत असतील. पण माझ्यापुढं फोरमन गुन्नर उघडा उभा होता आणि त्याच्यापुढं कारखान्याचा मॅनेजर. त्याच वर्षी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस पडून होतो. दवाखान्यानं काही मागितलं नाही, उलट आजारपणाचा पगार घरपोच आला. 'शूकपेनिंग' म्हणतात त्याला. स्वीडिश भाषेतला मी नीट शिकलेला पहिला शब्द तोच.

मी हरखून दस्तूभाईला लिहिलं, की तू ज्याची वाट बघतोस ते इथं केव्हाच आलंय. इथं समाजवाद आहे.

महिन्यानं उत्तर आलं. "बाबालालास दुवा. तू लिहितोस ते वाचलं. दवाखाना फुकट हाय, म्हातारपणी पेन्शन हाय, बरं हाय. पर कारखाना कुणाचा? मालकाचाच न्हवं? मग त्येला समाजवाद म्हणत न्हाईत. बैल आजारी पडला तर धनी बी औषध पाजतोच की."

मला राग आला. मी लिहिलं, बैल मत देत नाही. इथं आम्ही मत देऊन ठरवतो मालकाकडून किती कर घ्यायचा आणि त्यातून दवाखाना चालतो. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर: "मतं आमी बी देतो." हे भांडण आमच्यात आठ-नऊ वर्षं चाललं. लग्नं, जन्म, अम्माचं जाणं, सगळं पत्राच्या समासात लिहिलेलं असायचं आणि मधल्या मोकळ्या जागेत समाजवाद. पुढं आपल्या राज्यघटनेच्या सुरुवातीला 'समाजवादी' हा शब्द घातला गेला, तेव्हा मी टोमणा मारला, की घे, आला तुझा पाहुणा. त्यानं कळवलं, "कागदावर आलाय. भट्टीवर कवा येतोय बघू."

त्याच सुमारास, दर वर्षीप्रमाणं फोटो काढल्यावर मला डॉक्टरांनी बोलावून घेतलं. काचेवर फोटो लावून त्यांनी पेन्सिलीनं बारीक ठिपके दाखवले. वाळूची धूळ फुप्फुसात बसली होती. बसलेली निघत नाही, नवीन जाऊ द्यायची नाही एवढंच हातात, असं म्हणाले. आणखी एक गोष्ट म्हणाले: ही धूळ बहुतेक इथली नाही, जुनी आहे. दुसऱ्या दिवसापासून गुन्नरनं मला वाळूवरून काढून गोदामात बसवलं. पगार तोच.

गोदामात बसल्या-बसल्या पहिला विचार दस्तूभाईचाच आला. तो माझ्या चार वर्षं आधी त्या धुळीत उतरला होता आणि अजून तिथंच होता. हे त्याला लगेच कळवायला हवं होतं. मी वर्षभर कळवलं नाही. कितीदा पत्र सुरू केलं आणि पहिल्या ओळीतच थांबलो. काम सोड, असं लिहायचं? सोडून त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी कुठं गोदाम होतं? वादात मी जिंकलो होतो, तेही अशा रीतीनं, की ते त्याला सांगायला तोंड नव्हतं.

शेवटी सुट्टी घेऊन, माझा फोटो ट्रंकेत घालून कोल्हापूरला आलो. दस्तूभाई घराच्या पायऱ्या एका दमात चढू शकत नव्हता. त्याची बायको जैनब त्याला गल्लीतल्या डॉक्टरचं खोकल्याचं औषध देत होती. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचाही फोटो काढायला लावला आणि दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात शेजारी-शेजारी धरले. जरा वेळानं विचारलं, "हे दोन्ही एकाच पेशंटचे आहेत का? आधीचा आणि आत्ताचा?"

"नाही बाई," मी म्हणालो. "आम्ही भाऊ आहोत."

बाहेर आवारातल्या झाडाखाली आम्ही चहा घेतला. दस्तूभाईनं कपातला चहा बशीत ओतला, पण प्याला नाही.

"तुजा फोटू कवाचा?"

"गेल्या सालचा."

"साल झालं तुला म्हाईत हाय."

"व्हय."

त्यानं बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता आवाज चढवेल. त्यानं शांतपणे विचारलं, "सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"काम सोडलं असतंस."

"आणि? जैनबला आणि पोरीला काय सांगितलं असतं?"

मी खाली ठेवलेली बशी उचलून त्याच्यापुढं धरली. मग तोच म्हणाला, "हितं बी फोटू फुकटच काढला की. ह्या हिशेबानं हितं बी समाजवाद हाय म्हण." आणि हसायला गेला, तर खोकला आला. किती वेळ खोकत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. लहानपणानंतर त्या पाठीला मी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी तो दोन्ही फोटो घेऊन कारखान्याच्या गेटवर गेला. मी नको म्हणत होतो. तो पत्र्याच्या शेडपुढं उभा राहिला आणि साचे करणाऱ्या एकेका मोल्डरला थांबवून, फोटो उन्हाकडं धरून दाखवू लागला. "ह्यो माझा. ह्यो भावाचा. धूळ एकाच शेडमधली. त्येला तिकडच्यांनी बघून बाजूला काढला. आपल्याला कोण बघणार?" कुणी घोषणा दिली नाही. माणसं फोटो बघायची, नकळत स्वतःच्या छातीवरून हात फिरवायची आणि पुढं जायची नाहीत, तिथंच थांबायची. गर्दी वाढली तसा मालक बाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता. एकेकाळी त्यानं स्वतःच्या हातानं साचे केले होते. त्यानं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "दस्तू, माझा बी काढाय पायजे म्हणायचा."

महिन्याभरात शेडमध्ये दोन मोठे पंखे बसले, वाळू भिजवायला पाण्याची पाइप आली. दस्तूभाईला गेटावर वॉचमन म्हणून खुर्ची मिळाली. मी निघायच्या आधी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, झालं की तुझ्या मनासारखं.

"हे हक्कानं न्हाय मिळालं," तो म्हणाला. "वळखीनं मिळालं. मालक बरा हाय, म्हणून. उद्या त्येची पोरं येतील. तुला तितं गोदामात बसवलं तवा वळख लागली का कुणाची?"

"न्हाय," मी म्हणालो. "त्यास्नी माझं नाव सुदीक नीट घेता येत न्हाय."

यावर तो उठला. दोन ट्रक आत आले, त्यांची नोंद केली, गेट लावलं, पुन्हा येऊन बसला. मग म्हणाला, "समाजवाद न्हाय त्यो. पर कायतरी हाय. लोकांनी भांडून घेतल्यालं असणार, उगं कोण देतंय? फकस्त त्येला अजून नाव पडल्यालं न्हाय." आठ-नऊ वर्षांच्या भांडणात तो माझ्याकडं सरकला तो एवढाच.

दोन वर्षांनी तो गेला. तार मिळाली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्याच्या मुलीचं, मुमताजचं, पत्र मागाहून आलं. शेवटच्या दिवसांत अब्बांना आडवं होता येत नव्हतं, ती आणि आई आळीपाळीनं त्यांना टेकू देऊन बसत, असं तिनं लिहिलं होतं. तक्रारीचा एक शब्द नव्हता. तक्रार असती तर बरं झालं असतं.

मग काही वर्षांनी माझी इथली, स्वीडनची, फाउंड्री बंद झाली. चांगली चालत होती. मालकांनी ती दुसऱ्या कुणाला विकली, त्यांनी हिशेब घातला आणि एका दुपारी 'फिका'च्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीत, एक कागद भिंतीवर लावला. गुन्नर पस्तीस वर्षं तिथं होता. त्यानं चष्मा लावून तो कागद वाचला, कॉफी संपवली, कप धुऊन जागेवर ठेवला. कुणी आवाज चढवला नाही. सगळ्यांना भत्ता होता, नवीन काम शिकण्याची सोय होती, मला तर छातीमुळं पेन्शनच मिळाली. उपाशी कुणी राहणार नव्हतं. पण कारखाना राहणार की जाणार, हे आमच्यातल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं. घरी येऊन मी दस्तूभाईला पत्र लिहायला बसलो, की तुझं बरोबर होतं, बैलाचं. तारीख घालून झाल्यावर लक्षात आलं.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला जाऊन आलो. मुमताज आता कळंब्याच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षिका आहे, नागरिकशास्त्र शिकवते. तिनं मला वर्गात नेलं. फळ्यावर घटनेची सुरुवात लिहिलेली होती. मी एकटाच राहतो, इथपासून मुलांना जमेल तेवढं सांगितलं. तिकडं राजा आहे, निवडणुका होतात, कारखाने बहुतेक खासगी आहेत, पण आजारपण, बाळंतपण, म्हातारपण सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेलं आहे. याला समाजवाद म्हणायचं की नाही यावर माझं आणि माझ्या भावाचं कधीच पटलं नाही, हेही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "तितं तुमचं कोण न्हाय, तर मग तुमी परत का येत न्हाई?"

खोटं सांगता आलं असतं. पण बोलता-बोलता दम लागला होता आणि सगळा वर्ग माझ्या श्वासाकडं बघत होता. मी म्हणालो, "तिथं माझी काळजी घेतली जाते म्हणून." मुलगी खाली बसली. मुमताजनं फळा पुसायला घेतला.

संध्याकाळी घरी ती तांदूळ निवडत होती. जैनब भाभी पलंगावर पडून होती. दस्तूभाईला धरून बसून-बसून तिची कंबर गेली ती गेलीच. मुमताज मान वर न करता म्हणाली, "चाचा, आमी घेतली नसती व्हय काळजी?"

"घेतली असतीस," मी म्हणालो. "म्हणून तर येत न्हाय."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग पलंगाकडं. मग तांदळाचं ताट पुढं ओढलं.

आता मी इथं, स्वीडनला, परत आलोय. मंगळवारी आणि शुक्रवारी 'कोम्यून'ची, म्हणजे नगरपालिकेची, बाई येते. औषधं बघते, अंघोळीला मदत करते, घड्याळ बघून जाते. चांगली आहे. तिच्यावर भार टाकताना मला काही वाटत नाही, कारण तो तिचा एकटीचा नाही, तिच्यामागं सगळा देश उभा आहे. कोल्हापुरात माझ्यामागं दोनच बायका उभ्या राहिल्या असत्या, दमेपर्यंत. घर कुठलं, असं कुणी विचारलं, तर मी अजून कोल्हापूरच सांगतो. जिथं आपला भार टाकायचा धीर होत नाही, तेच माझं घर राहिलंय.