छिन्नीची रेघ

इस्माईलभाई गेल्याचं मला ओतूरच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही दफन होऊन चार दिवस झाल्यावर. जुन्नरच्या गाडीतून उतरलेला एक ओळखीचा माणूस सहज म्हणाला, "मास्तर, तुमचं कल्हईवालं भाई गेलं की." खरं सांगतो, मनात आधी दुःख आलं नाही. आता सांगायचं राहिलंच... एवढंच आलं.

भाई जुन्नरला भांड्यांना कल्हई करत. पण नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांत त्यांचं नाव होतं ते घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांसाठी. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, ते गोळ्या त्यांच्याकडूनच नेत. भाई प्रत्येक गोळी काचेवरून सोडून बघत. वाकडी घरंगळली की आत पोकळ. मग तिच्यावर छिन्नीनं रेघ मारून ती बाद डब्यात टाकत. मी चेष्टा करायचो, "भाई, डुक्कर मारायचंय, त्याचं लगीन नाही लावायचं." ते मान वर न करता म्हणायचे, "मास्तर, पोकळ गोळी भरकटती. आन् जखमी डुक्कर माणसाला सोडत न्हाई."

त्या वर्षी येडगावला आमच्या उसात डुकरं शिरली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, मला गोळ्या आणायला पाठवलं. भाई नमाजाला गेले होते, तयार गोळ्या कुठं दिसेनात आणि माझी एसटी सुटत होती. मी बाद डब्यातल्या चार उचलल्या. शिसं ते शिसं, म्हटलं. अतिशहाणा होतो, दुसरं काय.

दुसऱ्या सकाळी दादाचा बार डुकराच्या मागच्या पायात बसला आणि ते दादावरच उलटलं. दादा वाचला, पाय गेला. तीन दिवसांनी डुक्कर ओढ्यात मेलेलं सापडलं, तेव्हा भाई स्वतः आले. डुकराला शिवायचं नाही म्हणून लांब उभे राहिले. गड्याकडून गोळी काढवली, धुऊन घेतली, न्याहाळली आणि रुमालात बांधली. लोक जमलेच होते. कुणीतरी विचारलं, "काय भाई, गोळी तुमचीच ना?"

"व्हय," भाई म्हणाले. "माझीच."

मी जमिनीकडे बघत होतो.

त्यानंतर भाईंकडे गोळ्यांसाठी कुणी फिरकलं नाही. मी मात्र जात राहिलो. चहा व्हायचा, आणि निघताना दरवेळी ते विचारायचे, "अजून काय, मास्तर?" मी म्हणायचो, "काही नाही." इतकी वर्षं तेवढंच म्हणालो. भित्रा माणूस मी.

परवा घरी भेटायला गेलो, तर भाभींनी तो बाद डबाच माझ्यापुढं ठेवला. "म्हनायचे, ह्यो मास्तरांना द्या. ते मागनार न्हाईत."

येडगावला येऊन उघडला. वर रुमालाची पुरचुंडी होती. आतली गोळी एका अंगानं चपटी झालेली, दुसऱ्या अंगावर छिन्नीची रेघ जशीच्या तशी... भाईंना त्याच दिवशी कळलं होतं. ते नुसती वाट बघत राहिले.

पलीकडच्या खोलीत दादाची कुबडी वाजली. "काय आणलंस रे जुन्नरहून?"

"काही नाही," मी म्हणालो.