पहिल्या बेसवरची बॅट

आमच्या बेसबॉल क्लबने नुकताच स्वतःचा इतिहास छापला. गुळगुळीत कागद आणि ब्लेझर घातलेल्या अध्यक्षांचे पुष्कळ फोटो. सगळ्यात खालच्या टीमबद्दल, म्हणजे आमच्याबद्दल, त्यात एकच ओळ आहे: ही टीम अजूनही कार्यरत आहे. लिफ्टवर पाटी लावावी तशी. ती कार्यरत कशी राहिली, हे सांगायला मी तिथे होतो.

टीमला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा कोच ट्रुगानिना या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या आमच्या क्रिकेटच्या नेट्सवर आला. सत्तरीचा, गुडघे गेलेला, टीम सुरू झाली तेव्हापासून तिच्यासोबत असलेला. आम्ही बहुतेक आयटीवाले. माझा एक मित्र तेवढा मिरजेचा सिव्हिल इंजिनियर. बेसबॉल म्हणजे नुसते फुलटॉस मारायचे, असं आमचं ठाम मत होतं. ते पहिल्याच मॅचमध्ये गेलं.

आम्ही हरत राहिलो. मग एका संध्याकाळी अध्यक्षांनी लांबलचक भाषण करून जाहीर केलं, की या सीझनला एक तरी मॅच जिंका, नाहीतर टीम बंद. भाषणात 'व्हिजन' हा शब्द इतक्यांदा आला, की मला चष्म्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. कोच टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकत बसला.

आमच्यात चेंडू नीट मारणारा एकच, मिरजेचा मित्र. पण बेसबॉलमध्ये मारलं की बॅट टाकून पळायचं असतं आणि बेसला, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीला, स्वतः टेकायचं असतं. हा बॅट घेऊनच पळायचा. बेस हातभर राहिला की वाकून त्यावर बॅट टेकवायचा आणि समाधानाने आमच्याकडे बघायचा. अंपायर आउट द्यायचा. "पण बॅट टेकली होती ना," असं हा दर रविवारी त्याला पटवायला जायचा. अंपायर सज्जन, तोही दर रविवारी समजावून सांगायचा.

मित्राची मुलगी बाहेर बसून चिप्स खात म्हणायची, "बाबा, जस्ट ड्रॉप इट."

"अगं, मला कळतं. हाताला कळत नाही."

हे तिने इंग्रजीत सांगितल्यावर कोचने तिला विचारलं, की हाताला कळेल असं तुमच्या भाषेत काय म्हणतात? एरवी घरीही इंग्रजीतच उत्तर देणारी ती पोरगी जरा विचार करून म्हणाली, "टाक." कोच आठवडाभर तो शब्द घोकत होता. माझ्याशी फोनवरसुद्धा.

सीझनच्या शेवटच्या मॅचपर्यंत आम्ही एकही जिंकलो नव्हतो; तिच्या शेवटच्या डावात स्कोअर बरोबरीत होता. आमचे दोघे आउट झालेले, तिसरा झाला की डाव संपणार. मी तिसऱ्या बेसवर होतो; माझा एक रन झाला की जिंकलो. यात माझं कर्तृत्व शून्य: चेंडू कमरेवर बसला म्हणून पहिला बेस फुकट मिळाला, पुढचे समोरच्यांच्या गबाळेपणामुळे. बॅटिंगला मिरजेचा मित्र. तो पहिल्या बेसवर आउट झाला, तर मी 'घरी', म्हणजे शेवटच्या बेसला, पोचूनही माझा रन धरणार नव्हते.

त्याने जमिनीलगत सणसणीत मारला. मी पळालो. मागून कोचचा आवाज आला, "टाक!" मग आख्ख्या बाकाचा, त्यात जन्माने इथले असलेलेही, "टाक!"

बॅट उडून आमच्या पाण्याच्या डब्यापाशी पडली. मित्र मोकळ्या हाताने धावला; पण सवय जाते कुठे? शेवटी त्याने हात लांब करून सूर मारलाच. बोटं बेसला लागली आणि मग चेंडू आला. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. बेसबॉलमध्ये याचा अर्थ नाबाद; म्हणजे माझा रन पक्का. मित्र धुळीत पडल्या पडल्या मला विचारत होता, "वाईड का दिला रे?"

आम्ही त्याला उचलून घेतलं. अध्यक्ष दोन शब्द बोलायला पुढे आले होते, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. कोच लंगडत गेला, बॅट उचलली, बाहीने पुसली आणि मुलीशेजारी जाऊन बसला. तिच्या चिप्समधला एक घेऊन त्याने विचारलं, की पळायला सांगायचं तर काय म्हणायचं?

"पळ," ती म्हणाली.

त्याने दोनदा म्हणून बघितलं. पुढच्या सीझनला लागेल, म्हणाला.