प्रशिक्षणात मी काय शिकले

“आडनाव काय म्हणालीस तुझं?”

आमच्या कार्यालयातल्या साहेबांच्या बायकोने हे विचारलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होते. त्यांच्या नव्या घराच्या मागच्या अंगणात, नळाजवळ, सकाळी दहापासून मी भांडी घासत होते. पराती, पातेली, वरणाचे मोठे गंज. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती. घासलेला एक गंज उचलून मी स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि विचारलं, मॅडम, हा कुठे ठेवू.

मी आडनाव सांगितलं.

त्या वाईट काही बोलल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. गंज माझ्या हातातून घेतला नाही, उंबऱ्याबाहेर खाली ठेवायला लावला. मग म्हणाल्या, “तू बाहेरच बस हं. आतलं आम्ही बघतो.” मी वळले. पाठीमागे बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला. मी घासलेला गंज त्या पुन्हा धूत होत्या.

मी बी.कॉम. आहे. प्रथम श्रेणी. मराठी, इंग्रजी दोन्ही टायपिंग पास. मी त्या घरची मोलकरीण नव्हते. मोलकरणीशीही कोणी असं वागू नये, पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा डोक्यात एवढंच आलं की मी मोलकरीण नाही. मी सरकारी कार्यालयातली प्रशिक्षणार्थी होते. आणि त्या दिवशी कागदोपत्री मी कार्यालयात, माझ्या टेबलावर हजर होते.

वणीच्या रस्त्यावर आमचं गाव. दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. वाळत घातलेला पांढरा कपडा आमच्याकडे संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही. बाबा ट्रक भरायला जायचे. आता चार पावलं चालले की दम लागतो, छातीचा पंप ओढावा लागतो. आई गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. पदवी झाल्यावर मी दोन वर्षं फॉर्म भरत होते. परीक्षा लांबत होत्या, निकाल लागत नव्हते. मग ही योजना आली. शिकलेल्या पोरापोरींनी काही महिने कार्यालयात काम शिकायचं, त्या काळात सरकार दर महिन्याला विद्यावेतन थेट खात्यात टाकणार, शेवटी प्रमाणपत्र. माझं नाव तालुक्याच्या एका कार्यालयात लागलं. रुजू व्हायच्या दिवशी आई फाट्यापर्यंत आली. एसटीत मला खिडकीजवळ बसवूनच खाली उतरली.

पहिला महिना चांगला गेला, खोटं बोलणार नाही. निवृत्तीला आलेले एक बाबू होते, त्यांनी मला आवक-जावक शिकवली. बाहेरून कागद आला की आधी तारखेचा शिक्का, मग रजिस्टरला नोंद, मग कागदावर आवक क्रमांक. ते म्हणायचे, क्रमांक पडला की तो कागद साहेबाचाही नसतो, कार्यालयाचा असतो. मला ते काम आवडायचं. माझं अक्षर चांगलं आहे.

बाबू निवृत्त झाले आणि माझं टेबल हळूहळू माझ्याखालून सरकत गेलं. आधी चहा. मग चहाचे कप. मग साहेबांच्या मुलीचा शाळेचा प्रकल्प, चार्टपेपरवर सूर्यमाला. मग बँकेत त्यांचा धनादेश. मग दळण. एकदम काही होत नाही. रोज थोडं होतं. आणि आज नाही म्हणावं तर काल का केलं, याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

नाही म्हणणं सोपंही नव्हतं. आमची हजेरी साहेबांच्या मोबाईलवरून मंजूर व्हायची. मी आले की नाही हे मी ठरवत नव्हते, माझे पाय ठरवत नव्हते, त्यांचं बोट ठरवत होतं. हजेरी मंजूर नाही तर विद्यावेतन नाही. विद्यावेतन नाही तर एसटीचा पास नाही, परीक्षेचा फॉर्म नाही, बाबांचा पंप नाही. माझ्यासोबत रेहाना होती. तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घरात चार बहिणी, सगळ्यात मोठी ही. तिचीही मान तिथेच अडकलेली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघींना घरी पाठवलं. जरा मॅडमना मदत करा, म्हणाले. रेहानाला पुढच्या मांडवातल्या खुर्च्या पुसायला लावलं, मला मागे नळावर. तिला आडनाव विचारायची गरज पडली नाही. तिचं नाव पुरेसं होतं.

परतीच्या एसटीत मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ दे ना. दोन महिने राह्यले. कायले पंगा घेतं?”

घरी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

“मी शाळेत लागली तवा तीन घरचे पोरं माह्या हातचं खात नव्हते. घरून डबा आणत. मी चूप राह्यली. आता खातात.”

“किती वर्षांनी, आई?”

आईने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना बोलायला दम पुरत नाही, पण त्या दिवशी ते दमामुळे गप्प नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढायला आणि उष्टी काढायला जायचं होतं. म्हणजे वाढायला बाकीचे, उष्टी काढायला आम्ही. मी सरळ कार्यालयात गेले आणि टेबलावर बसले. साहेबांनी फोन केला. मी म्हटलं, सर, मी ऑफिसमध्ये आहे. त्यांनी फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं नाही. माझ्या टेबलापाशी आले. कामासाठी आलेले सात-आठ लोक बाकावर होते. त्यांच्यासमोर, अगदी शांतपणे म्हणाले, “फुकटचं घ्यायची सवय आहे तुम्हा लोकांना. आधी शिष्यवृत्ती, मग वसतिगृह, आता हे. सरकार देतंय आणि तुम्ही माजताय.”

बाकावरचे लोक मोबाईलमध्ये बघायला लागले. एक म्हातारा तेवढा माझ्याकडे बघत राहिला. मी रजिस्टर उघडलं आणि त्यात बघत बसले. एक अक्षर वाचलं नाही. मला तेव्हा काही सुचलं नाही, ही गोष्ट मला आजही लागते. मी ताडकन उठून उत्तर दिलं असं मला लिहिता आलं असतं. पण नाही दिलं.

संध्याकाळी एसटीत उभी होते. तेव्हा ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. फुकटचं. माझ्या बापाने कोळशाची धूळ छातीत भरून घेतली, त्या कोळशावर तालुक्यातले दिवे लागतात. माझी आई दीडशे पोरांना रांधून घालते. मी पाचवीपासून शिष्यवृत्तीचा प्रत्येक फॉर्म रांगेत उभं राहून भरला. यातलं फुकट कोणतं? आणि पैसा सरकारचा होता. साहेबांच्या खिशातला नव्हता. तरी मी इतके दिवस त्यांच्यासमोर अशी उभी राहत होते, जशी काही ते मला पोसत आहेत. त्यांनी मला वाकवलं होतं हे खरं. पण मीही आधीपासून थोडी वाकूनच उभी होते. हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग आला.

महिना संपला. दर महिन्याला प्रशिक्षणार्थ्याने एक अहवाल द्यायचा असतो. एक पानी छापील नमुना. या महिन्यात कोणती कामे केली, काय शिकलात. साहेब दर वेळी तोंडी सांगायचे आणि आम्ही लिहायचो. त्या दिवशीही त्यांनी सांगितलं. संगणकावर नोंदी, पत्रव्यवहार, अभिलेख वर्गीकरण. रेहानाने लिहिलं, सही केली, दिलं. मी म्हटलं, मी माझ्या टेबलावर लिहून आणते.

मी तारखेवार लिहिलं. दळण आणले. साहेबांच्या मुलीचा शालेय प्रकल्प केला. साहेबांच्या घरी वास्तुशांतीची भांडी घासली. आडनाव विचारून स्वयंपाकघराबाहेर बसवण्यात आले. कार्यालयात लोकांसमोर ‘फुकटचं घ्यायची सवय’ असे बोलण्यात आले. खाली सही. मग मी आवकचा शिक्का उचलला, तारीख उमटवली, रजिस्टरला नोंद केली, कागदावर क्रमांक टाकला. समोरच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढली. आणि मूळ कागद साहेबांच्या समोर ठेवला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “हा फाड. दुसरा घे.”

“फाडता येत नाही, सर. आवक झालाय.”

“कोणी सांगितलं तुला हे लिहायला?”

“काय शिकलात असं विचारलंय, सर. मी हेच शिकले.”

आवाज कापला असेल. पण वाक्य पूर्ण झालं.

झेरॉक्स मी त्याच दिवशी तक्रार जोडून जिल्ह्याच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. त्या महिन्याची माझी सगळी हजेरी नामंजूर झाली. म्हणजे कागदोपत्री एकही दिवस मी आलेच नाही. पुढच्या आठवड्यात गैरवर्तनामुळे प्रशिक्षण थांबवल्याचं पत्र मिळालं. त्या पत्राला जावक क्रमांक होता. माझ्या जागी कोणीतरी घाईत टाकला होता, अक्षर वाकडं होतं.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाबांनी पंप दोनदा ओढायचा तो एकदा ओढायला सुरुवात केली, कोणी न सांगता. ते मी बघते. रोज बघते.

चौकशी लागली. रेहानाला बोलावलं. तिने लिहून दिलं की ती पुढच्या मांडवात होती, मागचं तिने काही पाहिलं नाही. ते खरंही आहे. तिला प्रमाणपत्र मिळालं. बाजारात दिसली तेव्हा तिने हाक मारली. मी थांबले नाही. तिची चूक नाही हे मला समजतं. तरी मला थांबता आलं नाही.

आता मी एका ऑनलाइन सेंटरमध्ये बसते. लोकांचे अर्ज भरून देते, दाखले काढून देते. याच योजनेचे अर्जही माझ्याकडे येतात. पोरी येतात, नव्या ड्रेसमध्ये, आईला सोबत घेऊन. मी त्यांना घाबरवत नाही. मी सांगते, हा पैसा तुमचा हक्क आहे, जरूर घ्या. आणि काय काम दिलं ते रोज वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

मागच्या आठवड्यात चौकशी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. सज्जन माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, बेटा, तुझं वय काय, पुढे सगळं आयुष्य पडलंय. ते गैरसमजातून लिहिलं, एवढं लिहून दे. अडकलेलं विद्यावेतन निघेल, प्रमाणपत्रही देऊ. त्यांनी कागद टाईप करून ठेवला होता. विचार कर, म्हणाले, सोमवारी ये.

रात्री मी आईला विचारलं, काय करू. आई म्हणाली, “घरात काय हाये, काय नाही, ते तुले दिसून राह्यलं. मले इचारू नको.”

बरोबर आहे तिचं. हे तिला विचारायचं नाही. बाबांनाही नाही.

सोमवारी मी जाणार आहे. सही करणार नाही. गैरसमज झालेला नाही. जे झालं ते मी लिहिलं आहे, आणि ते लिहिलेलं राहील. विद्यावेतन बुडालं तरी, प्रमाणपत्र नाही मिळालं तरी, पुढच्या मुलाखतीत कोणी विचारलं की प्रशिक्षण मधेच का सुटलं, तरी. विचारलं तर सांगेन. पहिल्यापासून सांगेन, आणि उभं राहून सांगेन.