आंब्याला तीन, छत्रीला एक

चरईतल्या त्र्यंबकराव पेठ्यांना गाण्यातलं काही कळत नसे, आणि हे ते स्वतःच सांगत. गणपतीच्या आरतीत त्यांची टाळी हमखास पुढेमागे पडायची. ठाण्याच्या कोर्टात नकला करण्याचं काम, त्यात मात्र काना-मात्रेची चूक नाही. अशा माणसानं चव्वेचाळिसाव्या वर्षी, जुना का होईना, ग्रामोफोन विकत आणला तेव्हा चाळीला नवल वाटलं. "एकट्या माणसाला सोबत हवी हो," असं म्हणून शेजारणींनी तो विषय मिटवला.

सोबत हवी होतीच. पण यंत्र आणलं ते एका तबकडीसाठी. बायकोच्या, वासंतीच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत ती सापडली होती. लग्नाआधी मामांनी तिला मुंबईला नेऊन एका लहानशा कंपनीत दोन गाणी भरून घेतली होती. कंपनी वर्षभरात बंद पडली आणि तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मामांकडे तिनं ती त्र्यंबकरावांना ऐकवली आणि हळूच विचारलं, "कशी वाटली?"

"आहे की," ते म्हणाले. खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

पुन्हा तिनं विचारलं नाही. सासूबाईंना सुनेचं गाणं खपत नव्हतं, त्यामुळे घरात तो विषयही निघाला नाही. सत्तेचाळीस साली विषमज्वराचं निमित्त झालं आणि ती गेली. मूलबाळ नव्हतं.

यंत्र आल्यावर त्यांनी ती तबकडी कितीदा लावली याला गणती नाही. गोड वाटे. पण गळाच गोड होता म्हणून, की ती आपली होती म्हणून, ते काही सुटेना. एखादी मोठी गाणारी आपल्या घरात पोळ्या लाटत संपली, की हौसेनं गाणारी एक साधी मुलगी होती ती? एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आपले कान कामाचे नाहीत, तर दुसऱ्यांचे घ्यावेत, असा विचार करून त्यांनी रविवार सकाळची बैठक सुरू केली.

बैठकीला तिघं येत. शाळेतले प्रभाकर मास्तर, ज्यांना सूर जरा हलला की दाढ दुखल्यासारखं होई. शेजारच्याच खोलीत बायको सरोजसह राहणारा, पोस्टातला विश्राम. आणि चेंदणीचा नाथा, मिठागरं असलेला गडी. शिक्षण चार यत्ता, पण भजनी मंडळात नाव कमावलेला. दर रविवारी दोन तबकड्या लावायच्या, भांडायचं, आणि मग कौल घ्यायचा.

कौलाची तऱ्हा मास्तरांनी काढली. नुकतीच मोठी निवडणूक होऊन गेली होती, आणि पडद्याआड जाऊन ज्या त्या उमेदवाराच्या पेटीत चिठ्ठी टाकण्याचा सोहळा सगळ्यांनी पहिल्यांदाच अनुभवला होता. तेव्हा तुपाचे दोन रिकामे डबे आले. एकावर मास्तरांनी आंबा काढला, दुसऱ्यावर छत्री. आड दोरीवर पंचा. प्रत्येकानं आत जाऊन एक चिंचोका टाकायचा. आवाजानं बिंग फुटू नये म्हणून डब्यांच्या तळाशी कापूस.

"मास्तर, तुमचा आंबा सुरणावानी दिसतो," नाथा म्हणे.

"तू गाणं ऐक, चित्रकला राहू दे."

त्र्यंबकरावांनी वर्षभर घाई केली नाही. ही माणसं भीड ठेवत नाहीत, एकमेकांच्या आवडत्या गवयांची सालं काढतात, याची नीट खात्री करून घेतली. मग त्रेपन्न सालच्या एका रविवारी दोन्ही तबकड्यांवरच्या नावांवर कोरा कागद चिकटवून त्या पुढे ठेवल्या. आंबा म्हणजे वासंती. छत्री म्हणजे एक नामवंत गायिका, जिच्यावर मास्तर जीव ओवाळून टाकत. ती जिंकली असती तरी त्यांची तक्रार नव्हती. एक मत जरी खरं पडलं असतं, तरी त्यांना पुरलं असतं.

वासंतीची तबकडी लागली. तिघंही गप्प ऐकत होते. नाथा मांडीवर ठेका धरत होता, मास्तर खिडकीबाहेर बघत होते. संपल्यावर भांडण मात्र झालंच नाही. "छान," मास्तर म्हणाले. विश्राम म्हणाला, "फारच छान." छत्रीची तबकडी झाली, तेव्हा मास्तरांनी मान डोलावली नाही. त्र्यंबकरावांना तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण ते चावी देण्यात गुंतले होते.

एकेक जण पंच्याआड जाऊन आला. शेवटी त्र्यंबकराव गेले. आपल्या मतानं पारडं झुकायला नको म्हणून चिंचोका त्यांनी छत्रीच्या डब्यात टाकला.

डबे उपडे केले. आंब्याला तीन. छत्रीला एक.

"हे कोण?" मास्तर एकदम भडकले. "विश्राम, तू?"

"मी? अहो, मीच तर तुम्हाला..."

"मंग मी टाकला का? आयेची आन, मी नाय! मना गानं पन आवडलं, आनि ठरला व्हता तसाच टाकला मी."

"नाथा!" विश्राम ओरडला.

त्र्यंबकरावांनी हातातला डबा खाली ठेवला.

"काय ठरलं होतं?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

विश्रामनं मान खाली घातली. "अरे, आमच्या सरोजनं आवाज ओळखला. तू रोज लावतोस, भिंतीतून ऐकू येतंच. वहिनी नळावर पाणी भरताना गुणगुणायच्या, तिच्या लक्षात होतं. मग मीच या दोघांना म्हटलं, ही तबकडी कधी बैठकीत लागली तर... वाईट हेतू नव्हता रे त्र्यंबक."

"पण तो एक चिंचोका कुणाचा?" मास्तर अजून तिथंच अडकले होते.

"माझा," त्र्यंबकराव म्हणाले.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पेठे, खरं सांगतो, गाणं उत्तमच आहे. आधी ठाऊक नसतं तरी मी..." खरं असेलही ते. पण आता ते खरं आहे की नाही हे मास्तरांनाही कधी कळणार नव्हतं. त्र्यंबकरावांनी सगळ्यांना चहा दिला. कुणाला दोष द्यावा असं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच जड जात होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी दाराला कडी लावून घेतली. बरं नाही म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरात नकलांचं एक बाड घेऊन त्यांना कल्याणच्या कोर्टात जावं लागलं. पिशवीत कागदांच्या मध्ये, पंच्यात गुंडाळलेली तबकडी होती. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात गल्ल्याशेजारी ग्रामोफोन वाजत असे. त्र्यंबकरावांनी मालकाला विनंती केली. सकाळची वेळ, चारपाच गिऱ्हाइकं. मालकानं तबकडी न निरखताच सुई टेकवली.

गाणं सुरू झालं. कुणी मान वर केली नाही. पाव बुडवणाऱ्यानं पाव बुडवला. अर्धं गाणं झालं नाही तोच कोपऱ्यातला एक जाडसर माणूस म्हणाला, "अहो शेट, काहीतरी उडतं लावा की! सकाळी सकाळी हे रडगाणं कशाला?"

मालकाचा हात सुईकडे गेला.

"थांबा!" त्र्यंबकराव इतक्या मोठ्यानं बोलले की ते स्वतःच दचकले. "पुरतं होऊ द्या. मला आवडतं ते."

सगळे बघायला लागले. जाडसर माणूस जरा वरमला. "कोण बाई आहेत या?"

"वासंती पेठे. ठाण्याच्या."

"नाव ऐकलं नाही कधी."

"नाही ऐकलेलं कुणी," त्र्यंबकराव म्हणाले, आणि मालकाला त्यांनी दुसरी बाजू लावायला सांगितली.