सलीमभाईंचा कोबा: वारूळवाडी ते जुन्नर, एक मुक्काम

निवृत्तीनंतर मी काँक्रीट फिनिशरच्या परीक्षा घेते. काँक्रीट फिनिशर म्हणजे ओतलेलं काँक्रीट घोटून त्याची गुळगुळीत जमीन, आपल्या भाषेत कोबा, करणारे मिस्तरी. वर्षानुवर्षं काम केलेल्या पण हातात कागद नसलेल्या माणसांना प्रमाणपत्र मिळावं, म्हणून हा खटाटोप. मी सकाळी जाते, टॅबवर गुण भरते आणि संध्याकाळी पुण्यात परत. या डिसेंबरात वारूळवाडीचं केंद्र मिळालं. म्हटलं, जुन्नर इतकं जवळ आहे, एक मुक्काम करूच. "थंडीत कुठे कडमडतेस?" असं नवऱ्याने विचारल्यावर तर बेत पक्काच झाला.

शिवाजीनगरहून सकाळी सहाची नाशिक एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासापेक्षा नाश्ताच महाग पडतो. बाह्यवळण झाल्यापासून मंचरला तासभर अडकून पडणं संपलंय, साडेआठच्या आत नारायणगावला उतरले. जाणार असाल तर कानटोपी न्या. लाजू नका, तिथे सगळेच घालतात. नारायणगावला लागूनच वारूळवाडी, रिक्षाने पाच मिनिटं.

केंद्र म्हणजे पत्र्याची मोठी शेड. सहा उमेदवार, प्रत्येकाला चार बाय चार फुटांचा चौकोन, वेळ तीन तास. त्यांतले जुन्नरचे सलीमभाई सगळ्यांत वयस्कर, पन्नाशी ओलांडलेले. तीस वर्षं उकिडवं बसून कोबा घोटल्याने गुडघे गेलेत. चाकणला गोदामांच्या जमिनी करणारा एक ठेकेदार त्यांना देखरेखीचं, म्हणजे उभ्याचं काम द्यायला तयार आहे, पण प्रमाणपत्र हवं. "डाक्टर म्हनतो, आता बसू नका. मग खायचं काय?" असं ते हसत म्हणाले, पण उठताना त्यांनी भिंत धरली.

सगळ्यांनी काँक्रीट ओतलं, पट्टी मारली, लाकडी रंधा फिरवला. मग थांबायचं असतं. काँक्रीटचं पाणी वर येतं, ते उडून गेल्यावरच लोखंडी थापीने घोटायचं. पण त्या गारठ्यात पाणी हलेचना. दोन तास झाले तशी पाचही जणांनी कोरडं सिमेंट भुरभुरलं, पाणी टिपलं आणि थाप्या चालू केल्या. सलीमभाई बसून राहिले.

"मारा की मिस्तरी थोडं कोरडं," शेजारचा हळूच म्हणाला. "टाइम चाललाय!"

"पाणी हाय अजून वर. आता घोटलं तर वरचा थर भुसा व्हनार."

मी हे सगळं ऐकलं. हे मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवलंय. पण टॅबवर चार रकाने होते: सपाटी, गुळगुळीतपणा, कडा, वेळ. कोरड्या सिमेंटचा रकाना नव्हता. तीन तास झाले. पाच पास, सलीमभाईंपुढे "अपूर्ण". मी बटण दाबलं.

"म्याडम, घोटून जाऊ का तरी? काम अर्धं सोडवत न्हाई." मी होकाराची मान हलवली आणि जेवायला निघाले.

नारायणगावात मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी, दोनशेच्या आत. घास मात्र गोड लागला नाही. लॉजवाल्याने बजावलं, अंधार पडल्यावर एकट्या उसाकडे जाऊ नका, बिबट्या फिरतोय. कुठे जायची इच्छाही नव्हती.

सकाळी जुन्नरच्या गाडीला वेळ होता, म्हणून केंद्रावर डोकावले. पाचही चौकोन कालच्यासारखेच गुळगुळीत. त्यांच्यावर हात चोळला आणि तळवा राखाडी भुकटीने भरला. नखाने खरवडलं तर थर निघाला. सलीमभाईंच्या चौकोनावर नख नुसतं घसरलं. आजवर इतक्या परीक्षा घेतल्या, पण दुसऱ्या दिवशीचं काम मी पहिल्यांदाच पाहत होते.

लेण्याद्रीच्या पायऱ्या राहिल्याच. जुन्नरच्या बाजारामागच्या गल्लीत सलीमभाईंचं घर शोधलं. सकाळी पाहिलेलं सांगितलं, वरिष्ठांना कळवते म्हटलं. चहा घेताना ते म्हणाले, "लिवा वर, पन त्या पाचांचं काढू नका. थंडीला तीन तास पुरत न्हाईत, यवढंच लिवा." घरी येऊन तसंच लिहिलं, स्वतःची चूकही लिहिली.

उत्तर आलं. सलीमभाईंना पुन्हा बसता येईल. तारीख जानेवारीतली, परीक्षक दुसरे आणि वेळ तीनच तास.

मी फोन केला. "मग थांबनार की," ते म्हणाले. "पाणी काय आर्डरीनं सुकतंय व्हय?"

त्यांचं भिंत धरून उठणं मला दिसत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सलीमभाई, एकदाच मारा ना कोरडं सिमेंट. दुसऱ्या दिवशी कोण येतंय बघायला?"

ते म्हणाले, "तुमी आला व्हता की, म्याडम."

मला लाज वाटली, अजून वाटते. परीक्षा सोमवारी आहे. मंगळवारी सकाळी मी सहाच्या एसटीने वारूळवाडीला जाणार आहे.