लाडू फार गोल येतायत

“मॅडम, वाट लागली. लाडू फार गोल येतायत.”

सकाळी सकाळी चिरागचा फोन. मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. म्हणजे खायचा माल किती टिकेल, कशाने बिघडेल, हे छोट्या कारखान्यांना सांगते. बुरशी आली, खवट वास आला, केस निघाला, असल्या तक्रारी रोजच्याच. लाडू गोल आला म्हणून रडणारा माणूस मात्र पहिल्यांदाच भेटला.

चिरागचा मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे. खजूर, अंजीर, बदाम आणि तीळ वाटून लाडू करतो. बॉक्सवर छापलंय, ‘नो शुगर, नो बेक, आईच्या हातचे’. त्या ‘नो बेक’चं त्याला भारी कौतुक. पहिल्याच मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, “अरे, आपल्याकडे लाडू ओव्हनमध्ये ठेवतं कोण?” तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ते कस्टमरला कुठे आठवतंय?”

आईच्या हातचे, हे मात्र तेव्हा खरं होतं. नाहूरहून सहा बायका यायच्या. सगळ्या लेकुरवाळ्या. त्यांची म्होरकी शैला, मूळची मालवणची, तोंडाने फटकळ. बाकीच्या पाचजणींना तिनेच घरोघरी जाऊन, नवऱ्यांशी भांडून कामावर आणलं होतं.

मग ऑर्डरी वाढल्या आणि चिरागने मशीन आणलं. इकडून मिश्रण टाका, तिकडून लाडू घ्या. बायकांना त्याने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत पॅकिंगला या, पुढचं मग बघू. ‘मग बघू’चा अर्थ मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाचजणी शैलाकडे बघत राहिल्या.

“त्यांचं काय करणार आहेस?” मी विचारलं.

“मॅडम, स्केल करायचं तर इमोशनल होऊन कसं चालेल?”

आता तोच इमोशनल झाला होता. कस्टमर म्हणत होते, ‘आईच्या हातचे’ लिहिता आणि लाडू तर गोट्यांसारखे! घरचा लाडू मुठीत दाबलेला असतो, त्यावर बोटं उमटतात. मशीनला बोटं नाहीत.

चिरागने त्यावर उपाय काढला. शैलाला बोलावून म्हणाला, “ताई, ह्या मातीच्या गोळ्यावर मूठ दाबा ना. तुमच्या हाताची आठवण ऑफिसात लावू.” तिला बरं वाटलं असणार. तिने मूठ आवळून दिली. तो गोळा भिंतीवर नाही, थेट डायवाल्याकडे गेला. डाय म्हणजे मशीनमध्ये बसवायचा साचा. माझ्याकडे फक्त मटेरियल फूड ग्रेड आहे का, एवढंच तपासायला आलं होतं. साचा कुणाच्या मुठीचा आहे, ते मला कुणी सांगितलं नाही.

लाडू झकास दिसायला लागले. चिराग खूष. मग घाटकोपरच्या एका बाईंनी बॉक्समधले सगळे लाडू ताटात ओळीने मांडले आणि फोटो टाकला. प्रत्येक लाडवावर तीच बोटं आणि तीच वाकडी करंगळी. खाली लिहिलं होतं, ‘ह्यांच्याकडे एकच आई आहे का? बिचारीला सुट्टी द्या कुणीतरी.’

फोटो फिरत फिरत बोरिवलीपर्यंत पोचला. ऑर्डरी कॅन्सल व्हायला लागल्या. चिरागने मला गाळ्यावर बोलावलं.

“मॅडम, प्रत्येक लाडू वेगळा दाबणारं मशीन नाही मिळत?”

“मिळतं की. त्याला बाई म्हणतात. सहा होत्या तुझ्याकडे.”

तो उठला आणि पॅकिंगच्या टेबलाशी गेला. “शैलाताई, एक छोटंसं काम आहे. लाडू मशीनच वळेल, तुम्ही फक्त मुठीत दाबायचा. तुम्ही एकट्या पुरे.”

“कित्याक? आता कोण दाबता?”

त्याने नाइलाजाने फोटो दाखवला. शैलाने बघितलं, स्वतःची करंगळी बघितली, परत फोटो बघितला. एरवी त्याला ‘सर’ म्हणणारी बाई एकदम ‘तू’वर आली.

“माझी बोटां मशिनीत घालून माझ्याच बायकांका घराक धाडतंस?”

तिचे डोळे भरले होते. मला त्याच्या दोन कानफटात द्याव्याशा वाटल्या.

“ताई, तसं नाही ना...”

“तसांच हा! आधी ता काढ. मगे सहाजणी दाबतलंव. नायतर एकय नाय.”

चिरागने माझ्याकडे बघितलं. मी मशीनकडे बघितलं. त्याने ऑपरेटरला हाक मारली. डाय बाहेर आला. शैलाने तो पदराने पुसला, पिशवीत टाकला आणि ती म्हणाली, “हात माझो. मी घराक नेतंय.”

सहाही जणी राहिल्या. आता मशीन लाडू वळतं आणि बायका तो मुठीत धरून जरा बिघडवतात. चिरागने दारावर ‘आर्टिझन विभाग’ अशी पाटी लावलीय. शैला त्याला बिघडवायचं खातं म्हणते, आणि टेक्निकली तिचंच बरोबर आहे.

मी मात्र एक शिकले. नवा क्लायंट आला की शेल्फ लाइफच्या आधी एकच प्रश्न विचारते. बॉक्सवर जी आई छापलीय, ती पगारावर आहे का?