समुद्र गाळून

माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली आणि तोच अंक देवबागच्या होडीत एका अनोळखी माणसाच्या हातात! डोक्याला मफलर, अंगठ्याला थुंकी. सगळ्या होडीला तो माझीच कथा वाचून दाखवत होता. मी फळीवरून त्याच्या जवळ सरकलो.

मध्येच त्याने एक पान सरळ उलटलं. "हय समुद्राचा वर्णन आसा. समुद्र समोर दिसता, तो कित्याक वाचूचो?"

सगळ्यात घासूनपुसून लिहिलेलं पान होतं ते!

पुढे दोन जावांचं भांडण आलं. तो दोघींचे आवाज काढायला लागला. मासळीवाल्या बायका टोपल्यांवरून पुढे वाकल्या, होडीवाल्याने वल्हं मांडीवर घेतलं. होडी वाहत धक्क्यापासून लांब चालली, तसा मी ओरडलो, "अरे, वल्हव!"

"गप रव," होडीवाला म्हणाला, "धाकटी काय बोलता ता आयकांदे."

ती काय बोलणार ते मलाच तर ठाऊक होतं. तरी मीही कान टवकारले.